खय गायून घे

सक्करदरा, नागपूर
७ एप्रिल २०२५, सोमवार

मिनल,

फोन तं तू ब्लॉक केला. टपालवाल्याले कसं ब्लॉक करशील? सहा वर्षांत तुह्या नावानं एक ओळ लिहिली नाही मी, अन् आज सकाळपासून हात असे शिवशिवून राहिले का गॅसवरचा चहा उतू गेला तरी मले भान नाही. हे पत्र फाडायचंच असन तं फाड, पण आधी वाच.

शनिवारी दुपारी दुकानात एक बाई आल्या. कूलरसमोर दोन मिनिटं नुसत्या उभ्या राहिल्या, पाणी प्यायल्या, मंग पिशवीतून सुती लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. ठेवलं म्हणजे कसं, झोपलेलं लेकरू ठेवावं तसं. अरुंधती मॅडम त्यांचं नाव. काटोलच्या पुढं एका गावच्या शाळेत हेडमास्तरीण आहेत. लुगडं सोडलं तं आत रजिस्टर. शाळेचं दाखल-खारीज, एकोणीसशे एकतीस सालापासूनचं. कोण पोरगं शाळेत आलं, कोण गेलं, बाप कोण, जात कोणती, जन्म कधीचा, सगळं त्यात. दोनशे बारा पानं, अन् अक्षर असं का पाहतच राहावं.

मॅडम सांगत होत्या, जून लागला का लोक येतात. कोणी मुंबईहून, कोणी सुरतेहून. आज्याच्या नावाची ओळ शोधतात, तिची नक्कल नेतात, अन् त्या ओळीवर नातवाचं जातीचं सर्टिफिकेट होते. ओळ गेली का ॲडमिशन गेली. अन् इथं पाठीची शिवण सडलेली, सांधे फाटलेले, पान उलटलं का कोपऱ्याचा पापड मोडते. मॅडमनं पडलेले सगळे तुकडे एका पाकिटात जमवून ठेवले आहेत. एकही फेकला नाही. मले ती बाई तेव्हाच आवडली.

मी विचारलं, "मॅडम, नागपुरात इतके बायंडर असताना माह्याकडे काहून?"

त्या म्हणाल्या, "काटोलला एकीनं सांगितलं, सक्करदऱ्याला तलावाजवळ दोन बहिणींचं दुकान आहे, तिथंच द्या."

दोन बहिणींचं. बोर्डावर तं आजही बाबाच्या नावानं 'चंद्रभान बुक बायंडर'च आहे. काटोलात माह्या ओळखीचं एकच माणूस राहते, अन् ते माणूस माह्याशी बोलत नाही. आता तूच सांग कोण असन.

मॅडमची एक अट आहे. बाजारातला पांढरा गम लावायचा नाही, खळच पाहिजे. उद्या कोणाले पुन्हा दुरुस्त करायचं झालं तं ओल्या फडक्यानं सुटलं पाहिजे. बाबा हेच म्हणत ना, आपलं काम असं पाहिजे का पुढच्या बायंडरनं आपल्याले शिव्या देऊ नये. मी छातीवर हात ठेवून सांगतलं, "मॅडम, आमच्या दुकानात खळच असते." पंधरा मेपर्यंत द्यायचं ठरलं.

शिवणीचं मले टेन्शन नाही, ते काम माहं. फक्त एकच विचारायचं होतं. तुही खळ इतकी गुळगुळीत कशी व्हायची? मैदा किती, पाणी किती, किडीसाठी मोरचूद किती, ते सगळं मले पाठ आहे. बाकी काही अडलं नाही. उत्तर दे, नको देऊ, मले फरक पडत नाही.

कामिनी

ता. क. सुमंत वकिलांच्या पुस्तकांचं झालं ते झालं. कोणाचंही चुकलं असन. जुनी गोष्ट आहे.


१५ एप्रिल, मंगळवार

मिनल,

कार्ड आलं. टपालवाल्यानं आधी स्वतः वाचलं अन् मंग मले देल्लं, म्हणे, "काकू, काही कोडं आहे का?"

सहा वर्षांनी तीन शब्द. ना ताई, ना नमस्कार, ना खाली नाव. 'खय गायून घे.' तरी मी ते कार्ड चारदा वाचलं, सांगून ठेवते. मले त्या 'ळ'साठी शाळेत इतक्या पट्ट्या बसल्या का अजूनही लिहिताना ळ अन् बोलताना य. तू कार्डावरही बाबाच्या तोंडानं लिहिते. खळ नाही, खय. गाळून नाही, गायून. मले तं वाटलं बाबाच आतल्या खोलीतून ओरडले.

तं मी गाळली. बाबाचं जुनं धोतर फाडून चौघडी केली अन् त्यातून गाळली. खाली उतरलं ताक. कागदाले लावलं तं कागद भिजला, चिकटला नाही. मंग चहाच्या गाळणीनं गाळली. गाठी गाळणीत राहिल्या, पण बारीक रवा खाली उतरलाच. मंग दोनदा गाळली. मंग मैदा आधी चाळला, मंग पाणी गाळलं, मंग पुन्हा खळ गाळली. आता सांग, अजून काय गाळू? सगळा जीव कपड्यात राहते अन् भांड्यात पाणी उरते.

रजिस्टरले अजून हात लावला नाही, घाबरू नको. रद्दीतल्या एका जुन्या वहीवर करून पाहते. फाटलेल्या सांध्यावर पातळ कागदाची पट्टी बसवायची, तिच्याखाली मोहरीएवढी जरी गाठ राहिली तं वरून हाडाची पट्टी फिरवताना कागद तिथंच फाटते. वहीचे सात सांधे केले. सातही फाटले. त्या सांध्याच्या जागी मॅडमच्या रजिस्टरात कोणाचा तरी आजा असन.

आता खरं सांगते. खळ मी सहा वर्षांत केलीच नाही. तू गेल्यापासून दुकानात पांढऱ्या गमचा डबा आहे. मॅडमसमोर मी जे छातीवर हात ठेवून बोलली ते खोटं होतं. झालं समाधान?

मले माहीत आहे तू काहून अर्धंच सांगून राहिली. सुमंत वकिलांची एकशे दहा पुस्तकं आपण बांधून देल्ली, अन् पावसाळ्यानंतर त्यांले कसर लागली. किड्यानं पुठ्ठ्याच्या आतून नक्षी काढून ठेवली. वकील साहेब पुस्तक घेऊन दुकानात आले, तापलेले. मी म्हणाली, "खय मिनल करते, तिलेच विचारा." तेवढंच बोलली मी. खळ तूच करत होती ना? यात मी खोटं काय बोलली?

आता पूर्ण रीत पाठव. पंधरा मे काही माह्यासाठी थांबणार नाही.

कामिनी


२२ एप्रिल, मंगळवार

मिनल वं,

मी काल इतकी हसली का बाजूच्या झेरॉक्सवाल्या वसंतभाऊंनं येऊन विचारलं, "कामिनीताई, सगळं ठीक आहे ना?"

तुह्या कार्डावर लिहिलं आहे, 'गायून म्हणजे गाणं म्हणून. बाबानं सांगतलं तसंच करत होती.'

अवं माह्या माय. म्हणजे बाबानं तुले सांगतलं, खळ कपड्यातून गाळून घे, अन् तू सहा वर्षांची पोट्टी, तुले वाटलं खळीपुढं गाणं म्हणायचं! म्हणून तू स्टुलावर चढून, घोटणी हातात घेऊन आईचं हळदीचं गाणं म्हणत होती. बाबा गिऱ्हाइकांले सांगत, "माही लहानी मोठी आनंदी आहे, काम करताना गाते." आनंदी कायची, हुकूम पाळून राहिली होती ती. अन् पुढं तीस वर्षं कोणाच्या ध्यानात आलं नाही का या घरात खळ कधी गाळलीच जात नाही. गाळायची गरजच पडली नाही, तं ध्यानात येईन तरी कसं?

कार्ड वाचलं अन् भांडं ठेवलं. आच बारीक केली. अन् मिनल, मी गायली. तुले माहा आवाज माहीत आहे, लग्नात मले बायका मागं बसवत. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून गायली. ते गाणं मोठं पक्कं आहे, दर कडव्यात एका नातलगाचं नाव, अन् घोटणीचा हात त्याच्या ठेक्यावर आपोआप फिरते, ना घाई होते ना हात थांबते. आत्याचं नाव घेतलं तोवर नुसतं पांढरं पाणी. मामाच्या कडव्याले जड लागलं. मी घाबरली, पण सोडलं नाही. पुढं मावश्या, काका, चुलत्या, एकेकाचं नाव घेत गेली, अन् तेराव्या कडव्याले खळीनं रंग बदलला. पांढरी होती ते काचेसारखी झाली. सतरावं कडवं म्हणून भांडं उतरवलं. खळ लावायची कुंची बुडवून वर धरली तं धार तुटली नाही. एक गाठ नाही. एकही नाही.

मी तिथंच खाली बसली. मले रडू आलं का हसू आलं ते विचारू नको, दोन्ही आलं.

मंग रजिस्टराचं पहिलं पान घेतलं. पट्टी ठेवली, कुंची फिरवली, हाडाच्या पट्टीनं दाबलं. बसली. सांधा कुठं होता ते शोधावं लागते. पहिलीच ओळ कोण्या शेतकऱ्याच्या पोराची आहे, वय सात, शाळा सोडण्याचं कारण 'ढोरं राखणे'. आता पुढची शंभर वर्षं तो कुठं जात नाही.

पण आजचं भांडं बिघडलं. अकराव्या कडव्यानंतर मले नावंच आठवेनात. नागपूरच्या मामीच्या आधी भंडाऱ्याची मावशी, का नंतर? मी थांबली, आठवत बसली, तेवढ्यात खाली लागलं. अन् या उन्हात सकाळची खळ संध्याकाळी आंबते, रोज ताजी करावी लागते. गाणं मी म्हणलं तं पट्टी कोण लावन, पट्टी मी लावली तं भांड्याजवळ कोण उभं राहीन? दोनशे बारा पानं आहेत, मिनल. माह्या एकटीच्यानं होत नाही. हे मी लिहून देते, जपून ठेव, मी असं काही रोज लिहीत नाही.

ये ना. काटोलहून एसटी दिवसभर असते. तुह्या लग्नाची पत्रिका आली होती ते माह्या नावानं नव्हती, 'चंद्रभान बुक बायंडर, सक्करदरा' अशी होती. मी आली नाही, कारण दुकान कसं येईन लग्नाले? पण कृष्णकांतरावांले माहा नमस्कार सांग. त्यांनी काही विचारलं तं सांग, ताईचं काम अडलं आहे.

कामिनी


३० एप्रिल, बुधवार
टेबलाच्या या बाजूवरून

मिनल,

तू माह्यापासून चार फुटांवर बसून आहे अन् मी तुले पत्र लिहून राहिली. कोणी पाहिलं तं दोघींले वेड लागलं म्हणन. पण तू बोलत नाही, अन् मले तोंडानं हे जमत नाही. लिहून झालं का कागद तुह्याकडे सरकवीन.

सोमवारी तू आली, बॅग खिळ्याले टांगली, माह्या हातची कुंची घेतली, भांड्याचा वास घेतला अन् सगळी खळ मोरीत ओतून देल्ली. मले राग आला होता, खरं सांगते. मंग तू नवीन भांडं ठेवलं अन् गाणं सुरू केलं, तं माहा राग कुठं गेला मलेच माहीत नाही. माहं पहिलं पान धरून तीन दिवसांत एकशे सत्तर पानं झाली. वं पोट्टी, एकशे सत्तर. तू लावते, मी दाबते, कोणी कोणाले 'घे' म्हणत नाही अन् 'दे' म्हणत नाही, तरी एकही पट्टी वाकडी गेली नाही. काल मॅडम पाहायले आल्या तेव्हा त्यांनी पानावरून बोट फिरवलं अन् सांधा कुठं होता ते मलेच विचारलं. मले असं वाटून राहिलं होतं का छतावर चढून गावाले ओरडून सांगावं.

पण मी ऐकून राहिली होती. सोमवारी ऐकलं, काल ऐकलं, आज सकाळी मोजलं. सोळा कडवी म्हणते तू. आत्या घेते, मामा घेते, नागपूरचे, भंडाऱ्याचे, सगळे घेते. मोठ्या बहिणीचं कडवं येते तिथं तू तोंड बंद करते, नुसता हात फिरवते, अन् पुढच्या कडव्यापासून पुन्हा सुरू करते. खळ तरी चांगलीच होते. म्हणजे माह्याविना भागते तुहं.

तं आता ऐक. त्या वर्षी वकिलांच्या पुस्तकांवर तुही खळ सत्तर पुस्तकांपर्यंत पुरली. तू त्या दिवशी आत्याच्या घरी गेली होती. उरलेल्या चाळीसांसाठी दुसरं भांडं मी केलं. मोरचुदाचा डबा पाहिला, रिकामा होता. आणायले इतवारीच्या बाजारात जावं लागलं असतं अन् माह्या जिवावर आलं. मी म्हणलं, चाळीसच तं आहेत, काय फरक पडते. तुले सांगतलं नाही. कसर त्या चाळीसांलेच लागली.

अन् हे त्याच्याहून वाईट आहे. वकील साहेबांनं पुस्तक माह्या हातात देल्लं, मी पुठ्ठा सोलून पाहिला, अन् मले तेव्हाच समजलं. तुह्या खळीले मोरचुदाची निळसर झाक राहते. याच्यात नव्हती. पांढरीफट्ट होती, माही होती. समजलं अन् समजल्यावर मी म्हणाली, खय मिनल करते, तिलेच विचारा. त्यांनी तुले म्हणलं, "बापाचं नाव बुडवलं, बाई." तू माह्याकडे पाहिलं. मी शिवायच्या धाग्याले मेण लावत राहिली.

बस. एवढंच आहे. त्या दिवसापासून पांढरा गम वापरते, कारण खळीचं भांडं पाहिलं का मले तुहं ते पाहणं दिसते. मले तुही माफी पाहिजे. नाही देल्ली तरी उरलेली बेचाळीस पानं आपण करूच, त्याची काळजी करू नको.

खाली जागा सोडली आहे. बोलायचं नसन तं लिही.

कामिनी


*हे मले माहीत होतं. ते भांडं मीच घासलं होतं. तळाले निळं नव्हतं.*

*सहा वर्षं वाट पाहिली तू कधी सांगते म्हणून. आता मले सांगून काय उपयोग? मी तं ओळखलंच होतं. ज्याले खोटं सांगतलं त्याले खरं सांग.*

*मिनल*


त्याच कागदावर, दुपारी

माहीत होतं अन् तू गप बसली. त्या दिवशी भांडं घेऊन समोर यायचं, वकिलासमोर माह्या डोक्यात घालायचं.

बरं. वकील साहेबांचं घर मले माहीत आहे, ते चारनंतर घरीच असतात. आजचं काम शिकंज्यात दाबून ठेवलं आहे, सकाळपर्यंत त्याले हात लावायचा नाही. म्हणजे तुह्याकडे न येण्याचं काही कारण नाही. मी एकटी जाऊन सांगून येऊ शकते, पण ते अर्धंच होईन. त्या दिवशी मी तुह्यासमोर बोलली होती, आजही तुह्यासमोरच बोलीन.

चप्पल घाल.